पाच किलो चेरी

चेरी म्हणजे केकच्या डोक्यावर बसवतात ती लालभडक, चिकट, गोड गोळी, असंच इंदूबाईंना साठाव्या वर्षापर्यंत वाटत होतं. खरी चेरी त्यांच्या घरात आली ती यंदाच्या जूनमध्ये. नवा रायपूरच्या ऑफिसात त्यांचा मुलगा पराग ज्याच्या शेजारी बसायचा, तो हिमाचलचा माणूस सुट्टीवरून परतला आणि येताना घरच्या बागेतली पाच किलो चेरी पुठ्ठ्याच्या खोक्यांतून घेऊन आला. सगळीच्या सगळी त्यानं परागच्या गाडीत ठेवून दिली. लहानपणापासून चेरी खाऊन त्याला म्हणे तिचा कंटाळा आला होता.

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या त्या घरात खाणारी तोंडं चार. रेल्वेच्या कचेरीतून मोठे बाबू होऊन निवृत्त झालेले यशवंतराव, त्यांची बायको इंदूबाई, पराग आणि परागची सात वर्षांची मुलगी मीनल. सून देवयानी बँकेच्या ट्रेनिंगसाठी पंधरा दिवस हैदराबादला गेली होती. चौघांनी खाऊन खाऊन किती खावं? बाहेर ऊन असं की दुपारी गल्लीत कुत्रंसुद्धा दिसत नव्हतं. फळ दोन दिवसांत नासणार हे उघड होतं. इंदूबाईंनी मोबाइलवर शोधलं, दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि जाम करून बाटल्यांत भरून ठेवायचं ठरवलं.

पहिल्या दिवशी त्यांनी निम्मी चेरी घेतली. पण व्हिडिओतली बाई गॅस कधी बंद करते ते त्यांच्या नजरेतून सुटलं. जाम आटत गेला, रंग काळसर झाला आणि गार झाल्यावर चमचा उभा राहील इतका घट्ट बसला. तरी त्यांनी सकाळी पोळीला लावून तो यशवंतरावांपुढे ठेवला.

यशवंतरावांचा एक स्वभाव होता. जेवणात खोट दिसली की ती बोलून दाखवल्याशिवाय त्यांचा घास खाली उतरत नसे. मीठ, तिखट, पोळीचा काठ, वरणाचा पातळपणा, काहीही. अडतीस वर्षं इंदूबाई हे ऐकत आल्या होत्या आणि त्यांना वाटायचं, आपल्याला आता त्याचं काही वाटत नाही.

"याले जाम म्हणते का?" घास तोंडात घोळवत यशवंतराव म्हणाले. "चिक्की झाली हे. दाताले चिकटून राहिलं. एवढ्या चांगल्या फळाचा नास करून टाकला."

 कचऱ्याची गाडी गाणं वाजवत फाटकाशी आली होती. इंदूबाईंनी ओट्यावरचं जामाचं गंज, ते जाड बुडाचं पातेलं, उचललं, बाहेर गेल्या आणि सगळा जाम उलथन्यानं खरवडून गाडीत टाकला.

यशवंतराव ताट तसंच सोडून दारात आले. "अवं, फेकून काहून राहिली? मी फेक म्हटलं का?"

 ज्या बाईनं शिळ्या भाकरीचा तुकडासुद्धा कधी वाया घालवला नव्हता, कुस्करून, फोडणी देऊन खाल्ला होता, तिनं एवढी साखर, एवढं फळ शांतपणे कचऱ्यात टाकलेलं पाहून यशवंतराव दारातून मागे सरले. त्या दिवसापासून दोघं एकमेकांशी बोलेनासे झाले.

त्याच दुपारी इंदूबाईंनी उरलेली चेरी काढली. या वेळी मीनलला हाताशी घेतलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर एकेक चेरी ठेवायची आणि स्टीलची स्ट्रॉ वरून दाबायची, की बी टपकन बाटलीत आणि गर वर. मीनलला तो खेळच झाला. फ्रॉकवर डाग, नाकावर डाग. गर, साखर आणि दोन लिंबांचा रस गॅसवर चढला. वर आलेला फेस इंदूबाई काढत राहिल्या. बशी फ्रीजमध्ये गार करून तिच्यावर थेंब टाकून पाहिला. थेंब बोटानं सरकवला तर त्याला सुरकुती पडली. त्याच क्षणी त्यांनी गॅस बंद केला.

काचेच्या बाटल्या आधीच उकळून ठेवल्या होत्या. गरम जाम गरम बाटल्यांत गेला, झाकणं बसली. मग मोठ्या गंजाच्या बुडाशी फडकं घालून, बाटल्या पूर्ण बुडतील इतकं पाणी ओतून त्या पुन्हा दहा मिनिटं उकळल्या. बाहेर काढून टेबलावर ठेवल्यावर थोड्या वेळानं एकेक झाकण टक् करून आत बसायला लागलं. मीनल हनुवटी टेबलाला टेकवून ऐकत होती.

"आजी, छहों बोल गए," ती म्हणाली.

सहा बाटल्या, माणकासारख्या. इंदूबाईंचं मन भरून आलं. यशवंतरावांनी येता-जाता बाटल्यांकडे पाहिलं, पण तोंड उघडलं नाही.

उरल्या त्या बिया. पाच किलो चेरीच्या, दोन्ही वेळच्या, परातभर. टाकायला इंदूबाईंचा हात होईना. जाम फेकला होता तो रागात, पण तो राग आता ओसरला होता आणि त्याची त्यांना लाज वाटत होती. त्यात त्यांचं बालपण गेलं होतं दरेकशाला, जंगलातल्या त्या छोट्या स्टेशनावर, जिथं त्यांचे वडील रेल्वेत मुकादम होते. उन्हाळ्यात तिथल्या बाया जंगलातून चाराची फळं आणत, बिया सुकवत आणि दगडावर फोडून आतली चारोळी काढत. दहा वर्षांची इंदू त्यांच्यात बसून फोडायला शिकली होती. जोर किती लावायचा की कवच फुटेल पण आतला दाणा अख्खा राहील, ते तिच्या मनगटाला अजून आठवत होतं.

गच्चीवरच्या उन्हात बिया एका दिवसात खडखडीत वाळल्या. शनिवारची पूर्ण दुपार इंदूबाई पाट्यापाशी बसून त्या फोडत होत्या. वाटीभर मगज निघाला, पांढरा, बारका, अगदी चारोळीसारखा. त्याला बदामाचा असा वास येत होता की त्यांनी एक दाणा चावून पाहिला. जरा कडसर लागला. साखर-वेलची पडली की कळणारही नाही, असं त्यांनी मनाशी म्हटलं आणि मगज पाण्यात भिजत घातला.

रविवारी सकाळी त्यांनी तो मिक्सरमधून गंधासारखा वाटला, थोडा वेळ तसाच ठेवला आणि थंड दुधात कालवला. साखर, वेलची, दोन केशराच्या काड्या. स्वतःला शुगर असल्यानं चाखलं नाही. तीन पेले झाले. एक यशवंतरावांचा, एक परागचा, एक मीनलचा. पराग आणि मीनल अजून झोपले होते.

यशवंतराव पोहे खाऊन पेपर वाचत होते. इंदूबाईंनी पेला पुढे केला. दोन दिवसांनंतर त्या पहिल्यांदा त्यांच्याशी आपणहून बोलल्या.

"घ्या. थंडाई केली, जराशी वेगळी."

यशवंतरावांनी एक घोट घेतला. इंदूबाई बघत उभ्या राहिल्या. यशवंतरावांनी दुसरा घोट घेतला, तिसरा घेतला आणि पेला रिकामा करून खाली ठेवला.

"छान झालं," ते म्हणाले.

अडतीस वर्षांत हा शब्द त्यांनी किती वेळा उच्चारला असेल ते इंदूबाईंना आठवेना. "अजून देऊ का?" त्यांनी विचारलं. परागचा पेला होताच; त्याला काय, पुन्हा काहीतरी करून देता येईल.

"दे."

दुसराही पेला त्यांनी संपवला. इंदूबाई मीनलचा पेला फ्रीजमध्ये ठेवून आंघोळीला गेल्या. जाताना त्या काहीतरी गुणगुणत होत्या.

न्हाणीतून बाहेर आल्या तेव्हा पेपर जमिनीवर पसरला होता आणि यशवंतराव खुर्चीत एका अंगावर कलले होते. डोकं फार दुखतं म्हणाले. मग उठायला गेले आणि भिंतीला धरून ओकले. "मले श्वास घेता येऊन नाही राहिला," असं दोनदा म्हणाले आणि तिसऱ्यांदा नुसते ओठ हलले. इंदूबाईंनी परागला हाक मारली ती अशी की शेजारच्या सुजाताबाईसुद्धा धावत आल्या.

"लू लग गई है," पराग म्हणाला. काल भर दुपारच्या उन्हात ते पंडरीच्या बाजारात कापड बदलून आणायला गेले होते, ते सगळ्यांना आठवलं. दोघांनी मिळून त्यांना गाडीत घातलं. मीनल डोळे चोळत दारात उभी होती. गाडीत बसता बसता इंदूबाई सुजाताबाईंना म्हणाल्या, "पोट्टीजवळ थांब माय. तिनं काहीच खाल्लं नाही. फ्रीजमध्ये दूध ठेवलं आहे, ते दे तिले."

दवाखाना दहा मिनिटांवर होता. तिथंही आधी लू लागली असंच धरून चालले. सलाईन लावली. पण यशवंतरावांचं अंग तापलेलं नव्हतं, आणि श्वास असा चालला होता जसा एखादा माणूस पळत पळत जिना चढून आला आहे आणि थांबूच शकत नाही. आतून एक डॉक्टरबाई आली, तिशीतली, गळ्यातल्या पाटीवर चेतना असं नाव. तिनं नाडी पाहिली, यंत्राकडे पाहिलं, पुन्हा नाडी पाहिली आणि इंदूबाईंकडे वळली.

"सुबह से क्या-क्या खाया इन्होंने?"

"पोहे खाए. चाय पी. फिर दूध."

"घर में कोई दवा रखते हैं? चूहे मारने की, कीड़े मारने की?"

"नहीं जी."

डॉक्टरबाई यशवंतरावांच्या तोंडापाशी वाकली. सरळ होत तिनं विचारलं, "दूध में बादाम था?"

"बादाम नाही," इंदूबाई म्हणाल्या. गडबडीत त्या मराठीवर आल्या. "बदामासारखं होतं. चेरीच्या बिया फोडल्या अन् त्यातला मगज वाटून टाकला."

 डॉक्टरबाईही मराठीत बोलली. "किती होता मगज?"

"वाटीभर. पाच किलो चेरीचा."

"भाजला होता? उकळला होता?"

"कच्चाच. भिजवून वाटला."

तिनं मागे वळून नर्सला भराभर काही सांगितलं. दोघं-तिघं पळाले. ऑक्सिजनचा मोठा मास्क आला. मग ती पुन्हा इंदूबाईंकडे वळली आणि आवाज न चढवता, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, "मावशी, चेरीच्या बीच्या आतल्या दाण्यात विष असतं. बी चुकून गिळली तर काही होत नाही, पण दाणा वाटून पोटात गेला की त्याचं सायनाइड तयार होतं. आपण यांना वाचवायचा पूर्ण प्रयत्न करतो. मला फक्त एक सांगा. हे दूध अजून कोणी प्यायलंय?"

सायनाइड हा शब्द इंदूबाईंना माहीत होता. टीव्हीवरच्या मालिकांमध्ये माणसं ते खाऊन मरायची. पण तो शब्द त्यांच्या स्वयंपाकघरात, त्यांच्या मिक्सरच्या भांड्यात, त्यांनी दोन केशराच्या काड्या टाकलेल्या पेल्यात कसा येऊन बसला, हे त्यांच्या डोक्यात शिरेना. ऐकू सगळं येत होतं. डॉक्टरबाईच्या हातातलं पेन दिसत होतं, त्याचं टोपण चावलेलं होतं तेही दिसत होतं. 

"मीनल," त्या म्हणाल्या. एवढंच म्हणाल्या.

परागला ते ऐकून समजायला अर्धा क्षण लागला. त्यानं फोन काढून सुजाताबाईंचा नंबर लावला. घंटी वाजत राहिली. पुन्हा लावला, पुन्हा वाजत राहिली.

"उठा नहीं रही हैं," तो म्हणाला आणि गाडीच्या किल्लीसाठी खिसे चाचपत दाराकडे धावला. जाताना त्यानं आपला फोन आईच्या हातात कोंबला. "लगाते रहो."

इंदूबाई दवाखान्याच्या त्या लोखंडी बाकावर बसून एकच नंबर लावत राहिल्या. काचेच्या पलीकडे नवऱ्याभोवती पाच माणसं होती. इकडे कानाशी घंटी. आपणच सांगितलं, दे तिले म्हणून. आपणच. गाडीचं दार लावता लावता सांगितलं. एवढ्या घाईत बाकी सगळं विसरलो, चष्मा विसरलो, चपला वेगवेगळ्या जोडांच्या घालून आलो, आणि नेमकं तेवढं सांगायला विसरलो नाही.

सहाव्यांदा फोन उचलला गेला. इंदूबाईंचा आवाज ऐकून सुजाताबाई शांतपणे म्हणाल्या, "अवो, फोन चार्जिंगला होता आतमध्ये. कसे आहेत भाऊजी?"

"दूध," इंदूबाई म्हणाल्या. "मीनलले दूध दिलं का?"

"देऊनच राहिली होती. नखरे करते पोट्टी. एक घोट घेतला अन् बेसिनमध्ये थुकून दिला, कड़वा है म्हणते. म्हटलं साखर टाकून देतो अजून, दोन चमचे टाकून आताच ढवळून आणलं..."

"देऊ नको. फेक ते. सुजाता, मोरीत ओत आत्ताच्या आत्ता. तू पण तोंडाले लावू नको. हात धू."

"अवो, झालं काय?"

"जहर आहे त्यात," इंदूबाई म्हणाल्या. बाकावर शेजारी बसलेला माणूस उठून दूर जाऊन उभा राहिला.

वीस मिनिटांनी पराग मीनलला कडेवर घेऊन आत आला. सात वर्षांची लांबलचक पोरगी, पाय त्याच्या गुडघ्यापर्यंत लोंबत होते. डॉक्टरबाईंनी तिला तपासलं, संध्याकाळपर्यंत डोळ्यांसमोर ठेवायला सांगितलं. तिला काही झालेलं नव्हतं. तोंडात घेतलं ते तिनं थुंकून टाकलं होतं. पराग भिंतीला टेकून खाली बसला आणि त्यानं दोन्ही हातांनी चेहरा झाकून घेतला. इंदूबाई त्याच्याजवळ गेल्या नाहीत. आपण हात लावलेला त्याला चालेल की नाही, हे त्यांना ठरवता येईना.

विषावरचं इंजेक्शन त्या दवाखान्यात नव्हतं. शहरातल्या दुसऱ्या दवाखान्यातून ते मागवलं, माणूस घेऊन आला, दुपारी एकच्या सुमारास दिलं गेलं. नंतर यशवंतरावांचा श्वास हळूहळू लांब व्हायला लागला. अजून सांगता येत नाही, असं डॉक्टरबाई म्हणाल्या.

तीन वाजता पोलीस आले. विषाचा मामला म्हटल्यावर दवाखान्याला कळवावंच लागतं, हे पराग आईला समजावत होता, तेवढ्यात पोट सुटलेला एक वयस्क हवालदार कागदांची फाइल घेऊन समोरच्या खुर्चीत येऊन बसला. बोलायला वाईट नव्हता. त्यानं नाव, वय, पत्ता लिहून घेतला.

"दूध किसने बनाया, माताजी?"

"मैंने."

"पिलाया किसने?"

"मैंने."

"आपने खुद पिया?"

"नहीं. शुगर है मुझे."

हवालदाराचं पेन थांबलं. त्यानं वर पाहिलं. आपल्या उत्तराचा कसा अर्थ होतो हे इंदूबाईंना त्या नजरेतून कळलं. तोवर आपण चूक केली एवढंच त्यांच्या मनात होतं. मुद्दाम केलं असंही कुणाला वाटू शकेल, हे मनाला शिवलंच नव्हतं.

"घर में कोई झगड़ा-वगड़ा हुआ था, इन दिनों में?"

"नहीं, नहीं," पराग मध्येच म्हणाला. "कोई झगड़ा नहीं."

"हुआ था," इंदूबाई म्हणाल्या.

"आई, चुप रहो."

"काहून चूप राहू? त्यायनं विचारलं तं सांगतो." त्या हवालदाराकडे वळल्या आणि आपल्या मोडक्या हिंदीत सगळं सांगितलं. जाम बिघडला, नवरा बोलला, आपण तो फेकला, दोन दिवस अबोला होता, आणि आज सकाळी तो अबोला संपावा म्हणून दूध केलं. हवालदार लिहीत राहिला. पराग त्यांच्याकडे असं पाहत होता की जणू त्या त्याच्यासमोर चालत्या गाडीखाली निघाल्या आहेत.

लिहून झाल्यावर हवालदार म्हणाला, "बाबूजी होश में आ जाएँ, उनका बयान लेंगे. तब तक आप शहर से बाहर मत जाना."

"कुठं जाणार," इंदूबाई म्हणाल्या.

यशवंतराव सोमवारी सकाळी नीट शुद्धीवर आले. दुपारी हवालदार पुन्हा आला. डॉक्टरबाई म्हणाल्या, पाच मिनिटं, जास्त नाही. इंदूबाईंना बाहेर थांबायला सांगितलं, पण पडदा अर्धवटच ओढलेला होता आणि त्यांना सगळं ऐकू येत होतं.

"बाबूजी, दूध का स्वाद कैसा था?"

"कड़वा," यशवंतराव म्हणाले. आवाज खरवडल्यासारखा येत होता. "बहुत कड़वा. नीम जैसा."

"तो पिया क्यों? और दो-दो गिलास?"

पलंग करकरला. मग यशवंतराव म्हणाले, "दो दिन पहले मैंने इसके जाम को नाम रखा था. इसने पूरा गंज कचरे की गाड़ी में डाल दिया. अड़तीस साल में इसको कुछ फेंकते नहीं देखा मैंने. मेरे को लगा, अब कुछ बोला तो..." ते थांबले, दम घेतला. "वो सामने खड़ी थी ना. देख रही थी. तो पी गया. फिर उसने पूछा और दूँ, तो बोला दे."

"मतलब आपने अपनी मरज़ी से पिया."

"हव. लिखो. उसकी कोई गलती नहीं है. उसको क्या मालूम."

हवालदारानं लिहिलं, सही घेतली, बाहेर येऊन इंदूबाईंना नुसता नमस्कार केला आणि गेला. पडद्याच्या या बाजूला त्या उभ्याच होत्या. त्यांना वाटलं होतं नवरा शुद्धीवर आला की आपल्याला रडू कोसळेल. पण आत जाऊन पलंगाशी उभ्या राहिल्या तेव्हा त्यांना जे आलं ते रडू नव्हतं.

"कडू होतं तं सांगाले काय झालं होतं तुमाले?" त्या म्हणाल्या. आवाज हलकाच होता. "रोज सांगता. मिठाचा खडा जास्त झाला तं सांगता. पापडाले भोक पडलं तं सांगता. अन् जहर दिलं तं छान झालं म्हणता?"

यशवंतरावांनी डोळे मिटले. "आता नाही म्हणत," ते म्हणाले.

"पोट्टीनं थुकलं म्हणून वाचली. तुमच्यासारखी असती तं?"

 उघड्या तळहाताचा हात यशवंतरावांनी चादरीवर पुढे सरकवला. इंदूबाई त्या हाताकडे बघत राहिल्या आणि मग स्टूल ओढून बसल्या. हात धरायला त्यांना बराच वेळ लागला.

तीन दिवसांनी ते घरी आले. जाम खायला काहीच हरकत नाही, असं डॉक्टरबाईंनी जाताना दोनदा सांगितलं. गरात विष नसतं, फक्त बी फोडायची नाही. तरी त्या सहा बाटल्यांना घरात कुणी हात लावेना. हैदराबादहून परतलेल्या देवयानीनं शेवटी एक उघडून मीनलला पोळीवर जाम लावून दिला. मीनल दोन पोळ्या खाऊन तिसरी मागायला लागली, तेव्हा इंदूबाई उठून गच्चीवर निघून गेल्या.

त्यांची अवस्था विचित्र झाली होती. भाजी चिरताना सुरी मध्येच थांबायची. वरणात हिंग टाकताना त्या डबी उजेडात धरून दोनदा वाचायच्या. ताट वाढण्याआधी प्रत्येक पदार्थ स्वतः खाऊन पाच मिनिटं घड्याळाकडे बघत बसायच्या. मनाच्या आत कुठंतरी अजून ती घंटी वाजत होती आणि फोन कुणी उचलत नव्हतं.

पराग म्हणाला, "आई, किसी को बताना मत. लोग सौ बातें करेंगे." दवाखान्यात भेटायला आलेल्यांना त्यानं लू लागली असंच सांगितलं होतं. आठवडाभर इंदूबाईंनीही तेच सांगितलं.

मग एका दुपारी पलीकडच्या गल्लीतल्या प्रमोदिनीबाई भेटायला आल्या. टेबलावरच्या बाटल्या पाहून त्यांनी जामाची कृती विचारली. त्यांचा पुतण्याही काश्मीरहून चेरी आणि जर्दाळू आणणार होता. उठता उठता त्या सहज म्हणाल्या, "जर्दाळूच्या बियांतले बदाम बाकी मी काढून ठेवते. नातवंडांना खीर करते."

इंदूबाईंनी त्यांचा हात धरून त्यांना परत खाली बसवलं आणि सगळं सांगितलं. लू लागली हे खोटं, हेही सांगितलं. जर्दाळूच्या बियांचं काय असतं ते त्यांना स्वतःला ठाऊक नव्हतं, म्हणून प्रमोदिनीबाईंसमोरच त्यांनी डॉक्टरबाईंना फोन लावला. कडू निघाली तर तीही तशीच, किंबहुना जास्तच, असं पलीकडून उत्तर आलं. प्रमोदिनीबाई पांढऱ्याफटक पडल्या. त्यांच्या घरी डबाभर साठवलेल्या होत्या.

त्या गेल्यावर इंदूबाईंनी देवघरात दिवा लावला आणि परागला न विचारता ठरवून टाकलं; यशवंतरावांच्या तेवढं कानावर घातलं. रविवारी कॉलोनीतल्या मंडळात बायकांचा कार्यक्रम होता. भजन संपल्यावर, चहा यायच्या आधी त्या उभ्या राहिल्या. चाळीसेक बायका होत्या. इंदूबाई आयुष्यात कधी चार माणसांपुढे बोलल्या नव्हत्या. "मी माझ्या नवऱ्याले जहर दिलं," अशी त्यांनी सुरुवात केली. मागच्या रांगेत दोघी-तिघी हसल्या, त्यांना वाटलं विनोद आहे. नंतर कुणी हसलं नाही. बिया, मगज, दूध, फ्रीजमधला पेला, फोनची घंटी, हवालदार, सगळं त्यांनी जसं घडलं तसं सांगितलं. "फळ खा, जाम करा, पण बी फोडू नका," एवढं म्हणून त्या खाली बसल्या आणि तिथं, चाळीस बायकांच्या मध्ये, त्यांना पहिल्यांदा रडू आलं. ते थांबेचना. कुणीतरी पाणी आणलं, कुणीतरी पाठीवरून हात फिरवत राहिलं. चहा तसाच गार झाला.

बाहेर आल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. फाटकाशी कडुनिंबाखालच्या बाकावर यशवंतराव बसले होते. डॉक्टरांनी जास्त चालू नका सांगितलं होतं, तरी ते चालत आले होते.

"सांगितलं?" त्यांनी विचारलं.

"हो."

"समदं?"

"समदं."

यशवंतरावांनी काठी टेकवली आणि उठायला लागले. "मी कडू आहे म्हणून माहीत असून पिऊन टाकलं, हे बी?"

"ते तं पयलेच सांगितलं," इंदूबाई म्हणाल्या आणि त्यांच्या दंडाला धरून त्यांना उभं केलं. मग दोघं सावलीच्या बाजूनं, मध्ये मध्ये थांबत, घराकडे निघाले.